गच्चीवरचा पाचोळ्याचा ड्रम

परळला आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा आवारातलं बदामाचं झाड तेवढं वाचलं. त्याची पानं रोज झाडून कचऱ्याच्या गाडीत जायची. मी बँकेतून निवृत्त झाले आणि झाडणाऱ्या बाईंना सांगितलं, "पानांची गोणी मला देत जा."

गच्चीच्या कोपऱ्यात जुना ड्रम ठेवला, त्याला भोकं पाडून घेतली. पानं हातांनी चुरायची, वर ताकाचं पाणी शिंपडायचं, आठवड्याला खालीवर करायचं. बदामाचं पान जाड, लवकर कुजत नाही. सहा-सात महिन्यांनी तळाला काळं, भुसभुशीत खत तयार झालं. त्यात तेवढीच लाल माती मिसळून मी कुंड्यांत मिरच्या लावल्या, गवती चहा लावला.

मग लिफ्टमध्ये नोटीस लागली. गच्चीवरचा कचरा आठ दिवसांत हटवावा.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, वास येतो. डास होतात."

"वर येऊन बघितलंत?"

"त्यात बघायचं काय?"

मागून एक गृहस्थ हसले. आमच्या चाळीतलेच. "आईचं काम अंगात मुरलंय, दुसरं काय!"

माझी आई पालिकेत झाडूवाली होती. बँकेत इतकी वर्षं काढली, पण हे मी आपण होऊन कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हसण्यापेक्षा स्वतःच्या त्या गप्प राहण्याचीच मला जास्त चीड आली. उठून उभी राहिले.

"हो, माझी आई हेच रस्ते झाडायची. गोळा केलेला पाला तिला जाळायला लावायचे. धुराने खोकत घरी यायची. मी पाला जाळणार नाही आणि गाडीतही घालणार नाही. ड्रम तिथेच राहील. वास येतो ना? चला आत्ता वर, नाक घालून बघा."

कुणी उठलं नाही. सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

लिफ्टमधली नोटीस काही त्यांनी उतरवली नाही. मी दुसरा ड्रम आणला आणि त्यावर माझ्या फ्लॅटचा नंबर ठळक रंगवला.

गेल्या महिन्यात सातव्या मजल्यावरची एक सून मोगऱ्याची कुंडी घेऊन वर आली. "मावशी, थोडं खत द्याल?"

"घे की. ती चाळणी, तो ड्रम. चाळून घे."

मी पिशवीत भरून देईन असं तिला वाटलं असावं. जरा घुटमळली. मग बांगड्या मागे सारून खाली बसली.