उलाळ विमान

मी राजारामपुरीत क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवते. त्यामुळे विमान का पडतं हे घरात फक्त मलाच कळतं, असा माझा ठाम समज होता.

लेक इंजिनिअरिंगला. कॉलेजच्या स्पर्धेसाठी तिने थर्माकोलचं, हाताने फेकायचं विमान केलं होतं, तेही उलट्या घाटाचं. छोटे पंख शेपटीला नाहीत, नाकापाशी. मोठे पंख मागे. याला कनार्ड म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ बदक, म्हणून घरात त्याचं नाव बदकच पडलं. गटातल्या बाकीच्यांना साधं विमान हवं होतं. हिने भांडून बदक त्यांच्या गळी उतरवलं आणि वर, "नाही उडालं तर गटाचं प्रमुखपद सोडते," असं बोलून बसली. स्पर्धा उद्यावर आली होती.

तिचं चुकत नव्हतं. साध्या विमानाची शेपटी सहसा खाली दाबते आणि तो भार मोठ्या पंखांना वाहावा लागतो. बदकाचे पुढचे पंख उलट उचलायला हात लावतात. शिवाय नाक फार वर गेलं तर पुढच्या पंखांचा जोर आधी संपतो, नाक आपोआप खाली येतं आणि विमान सावरतं.

कॉलनीच्या मैदानावर मात्र बदकाने नाक वर केलं ते केलंच, आणि शेपटीवर आपटलं. पाच वेळा. लेकीचे डोळे भरून आले. मी वही काढून आकडे मांडू लागले.

माझे सासरे मुरगूडहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. काळा चष्मा लावून बाकावर बसले होते. म्हणाले, "पोरी, उलाळ झालंया की त्ये."

"म्हणजे काय, आबा?" लेकीने विचारलं.

"बैलगाडीत मागं वज्जं जास्त झालं की जू वर उचलतंय, त्येला उलाळ म्हणत्यात. तुझंबी वज्जं मागं हाय. फुडं घे."

मला राग आला, खरं सांगते. कारण माझ्या वहीतही तेच उत्तर येत होतं, फक्त तिसऱ्या पानावर. लेकीने तोल साध्या विमानासारखा मोठ्या पंखांखालीच ठेवला होता. बदकाला तो बराच पुढे लागतो.

घरातून कणकेचा गोळा आणून नाकाला चिकटवला. बदक सरळ मैदान ओलांडून गेलं. सासरे ओरडले, "आत्ता कसं!" आणि मी वही मिटून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला तो माझ्या नाही, सासऱ्यांच्या मोबाइलवर. बदक सगळ्यात लांब गेलं होतं, वाऱ्यातही कोसळलं नव्हतं. पण अचूक उतरण्याचं बक्षीस हुकलं. पुढचे पंख आधी दमतात, मोठ्यांचा पूर्ण जोर कधी लागतच नाही, त्यामुळे ते वेगात उतरतं. उतरायला आखलेल्या रेघेच्या पार पुढे जाऊन थांबलं. प्रमुखपद मात्र शाबूत होतं.

मी फुरंगटून फोन घेतला. "मला का नाही केलास?"

"अगं, परीक्षकांनी विचारलं, नाकाला कणीक का? मी म्हटलं, उलाळ होत होतं. सगळे हसले, ते आबांना आधी सांगायचं होतं. मग परीक्षक म्हणाले, नीट समजावून सांग. तेव्हा तुझ्या वहीची तीन पानं फळ्यावर लिहून आले. रात्री वाचून वाचून पाठच झाली होती."

"तिन्ही पानं?" मी विचारलं. सासऱ्यांनी फोन परत घेतला.