कॅम्प दोनमधली बॅरेक

मी वीस वर्षं बदलापुरात टायपिंगचे क्लास घेतले. समोरच्या कागदावर असेल ते हुबेहूब उतरवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हे सांगून सांगून घसा बसायचा. पुढे क्लास बंद पडला आणि ओळखीने मी एका छोट्या कंपनीत चिकटलो. ही कंपनी सॉफ्टवेअर शिकवायचे सराव बनवते. सराव म्हणजे खोटं सॉफ्टवेअर. दिसतं अगदी खऱ्यासारखं, पण त्यात कोणी कितीही चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. निदान माझी तशी समजूत होती.

गेल्या वर्षी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आलं. घरी येऊन रक्त घ्या, असा पेशंटचा फोन आला की नाव, नंबर, पत्ता नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. तो वाचून लॅबचा माणूस सकाळी निघणार. सरावातल्या प्रत्येक चौकटीमागे मला ठरवून द्यायचं होतं, की इथे काय टाकलं तर बरोबर मानायचं. तीन पर्याय होते. नेमका एकच मजकूर, चालतील अशा मजकुरांची यादी, नाहीतर काहीही. माझा पिंड मास्तरचा, मी डोळे मिटून 'नेमका एकच' निवडलं. पडद्यावर वर दिसेल तसं खाली टाइप करायचं, त्यासाठी पेशंट मनानेच उभा केला. उल्हासनगर ही मूळची निर्वासितांची छावणी, तिथे पत्ता म्हणजे आधी बॅरेकचा आकडा आणि मग पाचांपैकी कुठला कॅम्प ते. बॅरेकचा आकडा तोंडाला येईल तो दिला आणि पुढे लिहिलं, कॅम्प दोन.

आठ जणांनी सराव केला, सात पास झाले. फोनवर बसणाऱ्या सगळ्यात जुन्या बाई मात्र दोनदा नापास. तिसरी संधी शेवटची. तीही गेली तर फोनची खुर्ची जाणार आणि बाटल्यांना लेबलं लावायला उभं राहावं लागणार. त्यांचे गुडघे केव्हाचे गेले होते.

"सर, जरा समझावा ना त्यांना," मॅनेजर म्हणाला. "हर बार पत्त्याच्या खान्यातच अटकतात."

मी बाईंच्या शेजारी खुर्ची ओढली आणि संधीत न धरता नुसतं पुन्हा करून दाखवायला सांगितलं. नाव बरोबर, नंबर बरोबर. पत्त्यात बॅरेकचा आकडाही बरोबर टाकला आणि पुढे लिहिलं, कॅम्प चार. चौकट लाल झाली.

"ताई, वर दोन दिसतंय ना?"

"दिसतंय सर. पण ही बॅरेक चारात येते. आकड्यावरूनच कळतं. माझा जन्म तिकडचा, मराठा सेक्शनचा."

"अहो, पण हा पेशंटच खरा नाही!"

"पेशंट नसेल, बॅरेक तर आहे ना? आपला माणूस दोनमध्ये शोधत फिरणार आणि तिकडे ती बाई उपाशी पोटी बसून राहणार."

"कुठली बाई?"

"जिचं रक्त घ्यायचंय ती."

मला आधी राग आला, मग हसू आलं. तेवढ्यात खरा फोन वाजला. पलीकडच्याने पत्ता सांगितला, तर बाईंनी त्याला तीन प्रश्न उलटे विचारले आणि त्याच्याकडूनच त्याचा पत्ता दुरुस्त करून घेतला. फोन ठेवल्यावर मी हळूच म्हटलं, "उद्या एकदाच दिसतं तसं टाका, पास व्हा आणि विसरून जा."

"हात जात नाही सर," त्या म्हणाल्या.

अंबरनाथवरून स्कूटरने घरी येईपर्यंत डोक्याचा भुगा झाला. यादी करून दोन आणि चार दोन्ही बरोबर मानले, तर त्यातलं एक खोटं आहे हे मला माहीत. काहीही चालेल म्हटलं, तर कोणी नुसत्या रेघोट्या मारूनही पास होईल. दोनचं चार केलं, तर सात जणांना मी कशाबद्दल पास केलं? त्यांना चूक कळली नव्हती, की कळूनही त्यांनी मुकाट टाकलं होतं? काही केल्या उलगडेना. शेवटी बदलापुरात, बेलवलीच्या घरी बसून मी दोनचं चार केलं. चूक माझी होती, एवढं तरी नक्की होतं.

सकाळी नवा सराव घेऊन पोहोचलो, तर मॅनेजर खुशीत. बाईंनी मी यायच्या आधीच तिसरी संधी घेऊन टाकली होती. पास. जुन्याच सरावावर, कॅम्प दोन लिहून.

"ताई, तुमचंच बरोबर होतं. मी दुरुस्त करून आणलंय."

"असू दे सर. झालं ना आता."

फोन वाजला. त्यांनी पत्ता ऐकला, टाइप केला, "उद्या सात वाजता माणूस येईल" म्हणाल्या आणि फोन ठेवला. एकही प्रश्न विचारला नाही.

"नीट आहे ना पत्ता?" मी विचारलं.

"त्यांनी सांगितला तसाच टाकलाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी वाकून पडद्यावर बघितलं. बॅरेकचा आकडा होता आणि पुढे कॅम्प तीन. बरोबर होतं की चूक, मला कुठे कळत होतं.