मशेरीला रकाना नाही

कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या विद्वानांबद्दल मला आदर होता, तो त्यांच्या हाताखाली काम करेपर्यंत. शहरातले एक प्राध्यापक आमच्या मंडणगड तालुक्यात तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास करायला आले, आणि बीएस्सी होऊन घरी बसलेल्या मला गावोगाव फिरून फॉर्म भरायचं काम मिळालं. स्वतः साहेब एकदाच गावात उतरले. बुटांना लाल माती लागू नये म्हणून जपून पावलं टाकली, बायकांच्या घोळक्यात फोटो काढून घेतला, आंबे हादडले आणि गेले. जाताना मला बजावलं, "प्रश्न छापलाय तसाच विचारायचा. पदरचं काही घालायचं नाही, अभ्यास बिघडतो."

छापलेला प्रश्न होता, तंबाखू खाता का किंवा ओढता का? हो म्हणणाऱ्याचं तोंड तपासायला नंतर डॉक्टर येणार. नाही म्हणणाऱ्याला रामराम.

माझ्या काकीच्या गावी गेले, तेव्हा तिच्या अंगणातल्या चुलीवर तवा होता आणि तव्यावर तंबाखू करपत होती. ती कुटून मशेरी करायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना लावायची. आमच्याकडच्या बायकांचा चहा चुकेल, मशेरी नाही. ठसका आवरत मी प्रश्न वाचला.

"नाय गो बाय," काळं बोट पदराला पुसत काकी म्हणाली. "तमाखू खायला मी काय बाप्या हाय? मी आपली मशेरी लावतंय. पण हल्ली गालाला आतून झोंबतंय गो, कालवण तोंडात धरवत नाय."

मशेरीला रकाना नव्हता. मी 'नाही'वर खूण केली. साहेबांना फोन करता आला असता. पण मोठ्या अभ्यासाची माणूस म्हणून माझाही तोरा होता, आणि शेवटची एसटी गाठायची होती. त्या साहेबांची मला आजही किळस येते. तरी त्यांनी तो तवा पाहिला नव्हता. मी पाहिला होता.

अहवाल छापून आला. आमच्या बायका किती निर्व्यसनी, याचं त्यात कौतुक होतं. शेवटी माझे आभारही मानले होते.

दीड वर्षानं काकीचा अर्धा जबडा काढावा लागला. हॉस्पिटलात तिच्या खाटेपाशी एक मुलगी फॉर्म घेऊन आली. रुग्णांच्या देखभालीवर कुणाचा तरी प्रबंध चालला होता.

"तंबाखू खात होतात का, आजी?"

काकीला आता बोलता येत नाही. तिनं मानेनं नाही म्हटलं. मग बोट उचलून उरलेल्या दातांवर हळूच घासून दाखवलं.

"दात दुखतात का?" असं म्हणत मुलीनं 'नाही'वर खूण केलीसुद्धा.

काकीनं माझ्याकडे पाहिलं. हिला ठाऊक आहे, ही सांगेल, अशी तिची खात्री होती. मी सांगितलं. मुलीनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"पण हे लिहू कुठे?"

"समासात लिही," मी म्हणाले. "तेवढी जागा माझ्या फॉर्मवरही होती."