अंगठीवरचा उजेड

फोटो काढण्याआधी तो डब्यात एकदा फुंकर मारायचा. मग डबा डोळ्याला लावून, दुसरा डोळा मिटून, समोर बसलेल्या माणसाकडे बघायचा आणि म्हणायचा, "वायच गप रवा. उजेड खंय घालूचो, ता मी बघतंय." समोर मामलेदार असो की बांगडे विकणारी, वाक्य तेच.

मालवणच्या बाजारात त्याचा स्टुडिओ आणि माझं शिवणकामाचं दुकान यांच्यात एकच भिंत होती, आणि तीही कौलांपर्यंत पोचलेली नव्हती. त्याचं सगळं बोलणं मला मशीनवर बसल्या बसल्या ऐकू यायचं. गिऱ्हाइकांना फोटोपुरता घालायला द्यायचा कोट माझ्या खिळ्याला असे, कारण त्याच्याकडे राहिला की त्यावर फोटो धुवायच्या औषधांचे डाग पडत. त्या काळातला, कोट घातलेला एखादा आजोबा तुमच्या भिंतीवर असेल तर नीट बघा. खांदे उतरलेले दिसले तर तो कोट माझा.

डबा म्हणजे दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा. दोन्ही तोंडं कापलेली, आतून काळा रंग दिलेला. तो फ्लॅशच्या तोंडावर बसवला की उजेड चहूकडे न सांडता बशीएवढ्या गोलात पडे. बेळगावला ज्या स्टुडिओत तो शिकला तिथे याला स्नूट म्हणत, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. आमच्यात तो डबाच. फ्लॅशचे बल्ब मुंबईहून आगबोटीने येत आणि एकदा पेटले की संपत. म्हणून आधी डब्यात बॅटरी धरून गोल कुठे पडतो ते तो बघून ठेवी. त्याच्या तोंडावर तेव्हा जो भाव येई तो मी सुईत दोरा ओवणाऱ्या बायकांच्या तोंडावर पाहिलाय.

लोक काय काय मागत! एक मुंबईकर चाकरमानी आला, नवीन घड्याळ मनगटावर. "घड्याळ दिसूक व्हया," एवढाच हट्ट. यानेही डबा रोखला तो थेट मनगटावर. फोटोत घड्याळातले काटे वाचता येत होते, आणि चाकरमानी कोण ते त्याच्या आईलाही विचारून घ्यावं लागलं. तो भांडायला आला तर हा शांतपणे म्हणाला, "तुमी घड्याळ सांगलास. तोंड सांगूक नाय." भिंतीपलीकडे मी हसून हसून काज चुकवलं.

हसणारा माणूस होता, पण एका ठिकाणी तो हसत नसे. रांपणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा मालक असलेला शेट रस्त्याने गेला की तो बोलणं अर्धं सोडून आत जायचा.

त्याचं कारण अख्ख्या किनाऱ्याला माहीत होतं. त्याची आई मासे विकायची आणि रांपणीचं जाळं ओढायलाही जायची. जाळं ओढणाऱ्याला माशांचा वाटा मिळतो, ही रीत जुनी. हा बेळगावला शिकत असताना एकदा शेटने तिच्या टोपलीत वाट्याऐवजी मूठभर खवले टाकले. तिने वाटा मागितला. शेटने सगळ्यांसमोर तिच्या कानशिलात लगावली. हातात बापाची जाड अंगठी होती, चौकोनी खड्याची. गाल डोळ्याखाली फाटला. ती गालावर हात दाबून माझ्या दुकानावरून गेली तेव्हा मी तिला मांजरपाटाचा तुकडा दिला. तो लगेच लाल झाला. किनाऱ्यावर पन्नासेक माणसं होती, पण दुसऱ्या दिवशी बाजारात विचारलं तर कोणी काही पाहिलेलंच नव्हतं. तेव्हापासून ती बाजारात बसायची ती त्या गालावर पदर ओढून. मुलगा फोटोवाला, आणि आईचा एकही फोटो नाही.

मग शेटची साठी आली. ओटीवर लावायला मोठा फोटो हवा म्हणून माझ्याकडे नवा कोट शिवायला टाकला आणि तसाच तो शेजारी गेला. मी मशीन थांबवलं.

"रे, अंगठी नीट दिसूक व्हयी," शेटचा आवाज. "माझ्या बापाशीची आसा ती."

पलीकडे डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग हा म्हणाला, "दिसतली, शेटानू. अंगठीच दिसतली."

संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन उभा राहिला. "मास्तरांनू, शेटच्या कोटाचो उजवो हात वायच आखूड करशात?"

मी का म्हणून विचारलं नाही. मी काही संतमाणूस नाही, आणि तो लाल झालेला मांजरपाट मी विसरलो नव्हतो. बाही बोटभर आखूड केली. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कधी कापड वाया घालवलं नाही.

फोटोच्या दिवशी कोटाची घडी नीट करायच्या निमित्ताने मी आत उभा होतो. खिडक्या लावलेल्या, वरच्या काचेच्या कौलातून येईल तेवढाच उजेड. शेट खुर्चीत रेलून, उजवा हात काठीच्या मुठीवर. बॅटरीचा गोल त्याच्या कपाळावर पडला, नाकावरून छातीवर उतरला आणि हातावर येऊन थांबला. "वायच गप रवा." फ्लॅश उडाला.

फोटो धुऊन आला तेव्हा चेहरा होता, पण तिन्हीसांजेच्या उजेडात बसल्यासारखा. लखलखीत होता तो हात. बोटांवरचे केस, नखं, अंगठीच्या खड्याचे चारही कोपरे. शेट खूश! "बघ, खडो कसो चमकता!" म्हणत त्याने एक फोटो घरी नेला आणि दुसरा स्टुडिओच्या काचेच्या कपाटात, रस्त्यावरून दिसेल असा लावायला लावला.

बाजार उठल्यावर त्याची आई तिथून जात होती. कपाटासमोर तिने टोपली खाली ठेवली. बराच वेळ ती बघत राहिली. मग हात पदराला पुसून आत गेली.

"झिला, माझो पण एक काढ."

"आये, तू कधी..."

"काढ." ती त्याच खुर्चीत बसली आणि तिने पदर मागे टाकला. "उजेड हयसर घाल."

उजेड कुठे घालायचा ते त्याला सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याने बॅटरी धरली, पण गोल तिच्या गालावर ठरेना. खांद्यावर जाई, कानावर जाई.

"हात कित्या थरथरता?" ती म्हणाली. "तेचो काढताना नाय तो थरथरलो."

गोल ठरला.

दुसऱ्या दिवशी कपाटात दोन फोटो होते, एकाच मापाचे, एकाच चौकटीचे. एकात हात, दुसऱ्यात गाल. गालावरचा व्रण आणि अंगठीचा कोपरा, दोन्ही इतके स्वच्छ की माझ्यासारख्या माप घेणाऱ्याला टेपचीही गरज नव्हती. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. लोक यायचे, आधी एकाकडे बघायचे, मग दुसऱ्याकडे, आणि गप व्हायचे. मासे विकणाऱ्या बायका घोळक्याने आल्या. त्या मात्र गप राहिल्या नाहीत. त्यांनी शेटला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही, पण मला सगळ्या पाठ आहेत.

आठवड्याच्या आत शेट स्वतः आला. उजवा हात कोटाच्या खिशात.

"तो फोटो हयसून हलव."

"खंयचो हलवू, शेटानू?"

"तुका म्हायत आसा."

"माका नाय म्हायत. तुमचो तर तुमीच लावूक सांगलास. म्हातारेचो हलवूचो, तर कित्या ता तोंडान सांगा. आताच हलवतंय."

रस्त्यावर माणसं जमली होती. शेटने त्यांच्याकडे एकदा बघितलं. तो वळून गेला, खिशातला हात खिशातच ठेवून. मी मशीन चालवायला घेतलं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की दोरा न ओवताच वीतभर शिवून झालं. त्या हंगामात किनाऱ्यावर बायका मोठ्याने वाटा मागू लागल्या आणि त्यांना तो मिळू लागला.

शेट वारला तेव्हा त्याचे मुलगे स्टुडिओत धावत आले. तोंड दिसेल असा एखादा फोटो आहे का? नव्हता. मी भेटायला गेलो. ओटीवर तोच फोटो होता. हाराच्या फुलांनी चेहरा पुरता झाकला होता आणि खाली तो हात तेवढा चमकत होता. मी हात जोडले नाहीत.

पुढे म्हातारी गेली, आणि चार पावसाळ्यांनी तोही गेला. त्याचा स्वतःचा फोटो नाही. स्टुडिओ मोडताना मी दोनच गोष्टी मागून घेतल्या, डबा आणि म्हातारीचा फोटो. डब्याला खालून पुठ्ठा लावून त्यात मी बटणं ठेवतो. फोटो दुकानात दर्शनी लावलाय, रस्त्याकडे तोंड करून. शेटच्या मुलांनी तो उतरवायला सांगून दोनदा माणूस पाठवला. मी त्याला म्हटलं, कशासाठी ते एकदा तोंडाने सांग. तो आल्या पावली परत गेला. शेटचे मुलगे आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातात.

कोट शिवायला आलेलं नवीन गिऱ्हाईक हात वर करून उभं असतं, मी माप घेत असतो, आणि त्याची नजर त्या गालावर जाते. "ह्या म्हातारेक काय लागला?" असं ते विचारतं. मी टेप गळ्यात टाकतो, त्याला बसवतो, आणि रांपणीच्या मालकाचं नाव घेऊन पहिल्यापासून सांगायला लागतो.