शनिवारचं ‘अहो’

शिडं शिवायच्या कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने काडी, जीभ टोकदार आणि ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या. दुसरं म्हणणार तरी काय? नाव ठेवलं होतं तिच्या भावोजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. तिने स्वतः लग्न केलं नाही. कोणी फारच विचारलं तर म्हणायची, ‘ताईच्या संसारात माझी हौस भागते.’ आणि ते खोटं नव्हतं. दिवसभर कारखान्यात जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेल्या मशीनवर बसायचं, भोवती पसरलेलं पांढरं कापड पुढे सरकवत राहायचं आणि संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून ताईकडे जेवायला जायचं.

भावोजी म्हणजे एक वल्ली. उभा जन्म फेरीबोटीच्या इंजिनाशी झटापट करण्यात गेला आणि निवृत्त झाल्याबरोबर या गृहस्थाला इंजिनाचा आवाजच नको झाला. मग अंगणात स्वतःच्या हाताने शिडाची बोट बांधली. केवढी? तर आत दोन माणसं आडवी झाली की तिसऱ्याने उभंच राहावं. शिडं अर्थातच टाचणीने शिवली. त्या डबीत बसून नवरा-बायको दोन मोठे समुद्र पार करून आले आणि घरी येऊन भांडले कशावरून, तर मिठाचा डबा कोणी सांडला यावरून. पुढे ताईच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी तिला समुद्र बंद केला. भावोजी वर्षभर घरात घिरट्या घालत राहिले. शेवटी ताईच म्हणाली, ‘जा बाबा एकदाचे. घरात बसून माझं डोकं खाऊ नका.’

एकटा माणूस, महिनोन्‌महिने नुसतं पाणी. बोलणं व्हायचं ते शनिवारी दुपारी, ताईच्या स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवलेल्या रेडिओ सेटवर. मायक्रोफोनचं बटण दाबून धरलं की आपलं बोलणं तिकडे, सोडलं की तिकडचं इकडे. खरखर फार, त्यातून चार शब्द हाती लागायचे. आणि भावोजींचा एक कडक नियम होता: वाईट बातमी किनाऱ्यावरच द्यायची. बोट पाण्यात असताना फक्त ‘सगळं ठीक’. कारण एकदा वारा पाठीला घेऊन निघालं की त्या बोटीने मागे फिरणं म्हणजे चढावर हातगाडी लोटणं. बातमी कळून करायचं काय? जीव थाऱ्यावर नसलेला माणूस दोर चुकीचा बांधतो आणि बुडतो, असं ते म्हणायचे.

ताई गेली तेव्हा भावोजी परतीच्या वाटेवर, निम्म्या समुद्रात होते. दवाखान्यात नेलं, थोडी धुगधुगी होती. तेवढ्यात तिने टाचणीचा हात धरून बजावलं, ‘त्यांना आत्ता सांगायचं नाही हं. आधी धक्क्याला लागू देत.’ टाचणीने मान हलवली. आपण काय कबूल केलं हे तिला तेव्हा कुठे कळलं होतं.

शनिवार आला. टाचणी सेटपुढे बसली. ठरवलं होतं ते एवढंच: ताई जरा आडवी झालीय, सगळं ठीक आहे, असं म्हणून बंद करायचं. पण त्या दिवशी खरखर अशी की भावोजींचा आवाज येतो न येतो. तिने ओरडून विचारलं, ‘अहो, ऐकू येतंय का?’

आता ‘अहो’ काय, आपण रस्त्यात पुढे चाललेल्या कोणालाही म्हणतो. पण ताईने आयुष्यभर नवऱ्याला दुसऱ्या कशानेच हाक मारली नव्हती. बहिणींचे आवाज इतके सारखे की फोनवर सख्खी आई फसायची. आणि टाचणी ‘भावोजी’ सोडून दुसरं काही म्हणत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक. पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘येतंय, येतंय. कशी आहेस गं?’

ते ‘गं’ ऐकून टाचणी सेटच्या आणखी जवळ सरकली. इतक्या मऊ आवाजात तिच्याशी कधी कोणी बोललं नव्हतं आणि हा आवाजही तिच्यासाठी नव्हताच. चूक दुरुस्त करायला एक क्षण होता. तो गेला. ‘बरी आहे,’ ती म्हणाली.

झालं. पुढचा प्रत्येक शनिवार तसाच. बाई ताई होऊन बसली. ताईसारखं खेकसायलाही शिकली. नुसते बटाटे खाऊ नका, अंगात स्वेटर घाला, दाढी वाढवून भूत होऊन येऊ नका. पलीकडून हसू यायचं. एकदा मोठं वादळ झालं. भावोजी सुकाणूला स्वतःला बांधून घेऊन बसले होते. ते ओसरल्यावर म्हणाले, ‘घाबरलो होतो गं. शनिवारी तुझा आवाज ऐकायचाय म्हणून टिकलो.’ टाचणीने मायक्रोफोन खाली ठेवला आणि ओठ दाताखाली धरले. तिला ताईसाठी रडायचं होतं आणि नेमकं तेवढंच करता येत नव्हतं. ताईच ताईसाठी कशी रडेल? शेजारीपाजारी विचारायचे, कळवलं का त्यांना? ती म्हणायची, धक्क्याला लागू देत.

अखेर बोट आली. टाचणी एकटी धक्क्यावर उभी होती. भावोजींनी दोर फेकला, तिने तो खुंट्याला गुंडाळला. त्यांनी तिच्या मागे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं.

‘ती कुठंय?’

‘भावोजी, ताई गेली.’

ते खाली उतरले आणि तिने गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा बांधायला लागले. ‘कधी?’

तिने सांगितलं.

‘म्हणजे वादळाच्या वेळी...’

‘मीच होते.’

एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. भावोजी पिशवी खांद्याला लावून तिच्या शेजारून निघून गेले. त्यानंतर ती रस्त्यात दिसली की ते पलीकडच्या बाजूला होत. तिने जेवण पाठवलं तर डबा न उघडताच परत. बहीण गेली, बहिणीचं घर गेलं आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी झालेलं ‘टाचणी’ हे नाव ज्याने ठेवलं त्याचीच हाक बंद झाली. ‘नियम तुमचा, हट्ट ताईचा आणि सुळावर मी,’ असं ती मशीनला ऐकवायची. मनातून मात्र एवढंच हवं होतं, त्यांनी एकदा बोलावं. शिव्या दिल्या तरी चालेल.

थंडी सरली तशी एका सकाळी भावोजी कारखान्यात आले. खांद्यावर फाटकं शीड होतं. ते तिच्या खड्ड्याच्या कडेला टाकून तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘शिवण दुहेरी घाल. लांब जायचंय.’

‘आत्ता तर आलात.’

‘घरात ती सापडत नाही मला. सगळी कपाटं उघडून झाली.’ मग बराच वेळ शिडाची कड चाचपत राहिले. ‘शनिवारी सेट लावशील?’

‘लावीन. सगळं ठीक, एवढंच सांगेन.’

‘तसं नको. अहो म्हण.’

टाचणीचं डोकंच भडकलं. ‘माझी बहीण गेलीय, भावोजी. तुम्हाला बायको हवीय. मग मला ताई कोण आणून देणार?’ सगळा कारखाना माना वर करून बघायला लागला. भावोजी घराची किल्ली शिडावर ठेवून गेले. शीड तिने शिवलं, दुहेरी शिवणीने, काम ते काम. ते निघाले त्या दिवशी मात्र धक्क्याकडे फिरकली नाही.

पहिल्या शनिवारी ती सेटपुढे बसली ती ‘भावोजी’ म्हणायचं ठरवूनच. खरखरीतून म्हाताऱ्याचा बारीक आवाज आला, ‘ऐकू येतंय का? कोणी आहे का?’ कोणी आहे का, असं त्या माणसाने आजवर कधी विचारलं नव्हतं. तिला राहवेना.

‘अहो, आहे मी,’ ती म्हणाली.

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. मग, ‘कशी आहेस गं?’

‘बरी आहे. जेवलात का?’

‘जेवलो.’ मग त्यांनी विचारलं, ‘टाचणी कशी आहे?’

तिने टेबलाची कड धरली. ‘ठीक आहे.’

‘खरं सांग. मी फार वाईट वागलो तिच्याशी. तोंडावर म्हणायला जीभ रेटली नाही.’ पुन्हा खरखर झाली. ‘रडते का गं ती?’

‘नाही हो. तिला सवडच मिळाली नाही.’

‘मग आता रडू दे तिला. तू बस तिच्याजवळ. मी थांबतो.’

टाचणी टेबलावर डोकं ठेवून रडली, मायक्रोफोनचं बटण तसंच दाबलेलं ठेवून. भावोजी पलीकडे ऐकत बसले होते.