शॉर्ट मॅग्नमच्या पुंगळ्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या माझ्या बहिणीला, सुमनला, तर नाहीच. तुम्ही परके, म्हणून जीभ जरा सैल सुटतेय – तरी बघा, अजून मुद्द्यावर येत नाही.

दोह्याबाहेर आमच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, नेमबाजीची खासगी रेंज आहे. तिथलं वर्कशॉप माझ्याकडे. रायफली साफ करायच्या, काडतुसं भरायची. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकायची नसते, तीच पुन्हा भरतात. सुमनच्या नवऱ्याला, दाजींना, इथं मीच चिकटवलं. काम मीच शिकवलं. वर्कशॉपात ते माझ्या हाताखाली, गावी गेलं की जावई – पहिलं ताट त्यांचं. पण ते काही कारण नव्हे.

दाजींनी अरबाबला शॉर्ट मॅग्नमचा नाद लावला. आखूड, जाडजूड काडतूस, आणि मारा लांबवर. मी बजावलं होतं – हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. या आखूड काडतुसाची लोकांची हौस फिटत आलीय, कारखाने पुंगळ्या काढायच्या बंद करतील. आपलं जुनं लांब काडतूस कुठंही मिळतं. अरबाब हसला. त्यानं दाजींचं ऐकलं.

आणि झालंही मी म्हणालो तसंच. नव्या पुंगळ्या मिळेनात. विचारलं की व्यापारी म्हणायचा, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. मी मनातून खूश होतो – खोटं कशाला बोलू? पण दाजींनी वाळूतून एकेक पुंगळी वेचली, बिस्किटाच्या डब्यात जपली, त्यावरच रायफल चालू ठेवली. अरबाब इतका खूश झाला की त्यानं फॅमिली व्हिसा कबूल केला, आणि त्याच्या अल दुहैलच्या व्हिलामागच्या दोन खोल्या. सुमनचा फोन आला. तिकडं चटणीचा मसाला मिळतो का, विचारत होती.

माझी बायको इतकी वर्षं साताऱ्यातच. मी कधी मागितलं नव्हतं का? मागितलं होतं. आणि आता यांना न मागता? माझ्या पोटात दुखलं. सख्ख्या बहिणीचं सुख बघून दुखलं, हे आधी सांगायला हवं होतं.

ती रायफल बघायला परदेशी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दाजी सामान आणायला गेले होते. भंगारवाल्याची गाडी दारात उभी होती. तो डबा मी माझ्या हातानं उचलला – आणि त्या गाडीत रिकामा केला. पितळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दाजी आल्यावर शोधाशोध झाली. वाळू उपसून ते बोटांनी चाळत होते. मीही शेजारी बसून चाळत होतो. ही गोष्ट मला डबा ओतण्याहून जड जाते.

पाहुण्यांसमोर रायफल मुकी राहिली. अरबाब फक्त खलास म्हणाला. व्हिसा गेला, खोल्या गेल्या. दाजी आता मेसईदला एका कारखान्याची बस चालवतात, सहा जणांच्या खोलीत राहतात. डबा आपणच कुठंतरी ठेवून विसरलो, असं त्यांना वाटतं.

गंमत बघा, माझंच खरं होतं. भरून भरून पितळही तडकतंच. आणखी वर्षभरानं ती रायफल आपोआप बंद पडून भिंतीला लागली असती. मला नुसतं थांबायचं होतं. पण तोवर सुमन इथं आली असती ना – तेच तर मला नको होतं.

गेल्या शुक्रवारी दाजी जेवायला आले. व्हिडिओवर सुमन होती. म्हणाली, "दादा, तू पयल्यापास्नं सांगत हुतास. ह्यांनी तुजं ऐकाय पायजे हुतं." दाजींनी ताटाकडे बघत मान हलवली.

मी त्यांना भात वाढला. म्हणालो, "जाऊ दे, सुमे. माणसाकडनं चुका हुत्यात."