पाठीला पाठ लावलेले दोन फोटो

त्या वर्षांत आमच्या भिवंडीत लॅमिनेशनचं वेड होतं आणि त्या वेडात मी सगळ्यांच्या पुढे होते. एसटी स्टँडजवळ आमचं झेरॉक्सचं दुकान, समोर लूमचं शेड. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, रेशन कार्ड, ज्याच्याकडे जो कागद असेल तो प्लास्टिकमध्ये गेलाच पाहिजे. लहान कागद दोन असले की त्यांची पाठीला पाठ लावायची आणि दोन्ही एकाच पाउचमध्ये घालायचे, ही आमच्याकडची रीत. कोणी सांगितलं नाही तरी मी तसंच करायचे आणि वर शहाणपणही मिरवायचे.

गणेशपुरीला आश्रमासाठी आलेली आणि तिथेच भाड्याच्या खोलीत राहिलेली एक रशियन म्हातारी महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात यायची. व्हिसाच्या कागदांच्या झेरॉक्स तिला सतत लागायच्या. मराठी ती घरमालकिणीकडून शिकली होती, म्हणून तिच्या तोंडी ‘हाय’ आणि ‘न्हाय’ होतं आणि मी तिची ‘बाय’ होते. भर मे महिन्यातही डोक्याला लोकरीचा रुमाल, कानांवरून घट्ट बांधलेला. मी चिडवायचे, “आजी, गणेशपुरीला बर्फ पडला का?” ती कधी हसली नाही. “ऱ्हाऊ दे, बाय,” एवढंच म्हणायची.

कागद मात्र ती माझ्या हातात द्यायची नाही. काचेवर स्वतः ठेवायची, स्वतः उचलायची. माझं डोकं फिरायचं. एकदा मी फटकन विचारलं, मी काय खाणार आहे का तुमचे कागद? तेव्हा तिने सांगितलं की तरुणपणी तिला तिच्या देशाच्या सरकारने छावणीत टाकलं होतं. आठ वर्षं सक्तमजुरी, बर्फात लाकूडतोड. “तिकडं माझा कागद दुसऱ्याच्या हातात व्हता,” ती म्हणाली. त्यानंतर मी गप्प बसायला शिकले, म्हणजे बऱ्यापैकी.

एका दुपारी ती आली आणि तिने एक जुनं पाकीट माझ्या हातात दिलं. खरोखर माझ्या हातात. “मी डोळ्यांचं औषध आणते. तवर ठेव. आल्यावर झेरॉक्स काढू.” पाकिटात दोन फोटो होते. एकात शाल पांघरलेली मध्यमवयीन बाई, दुसऱ्यात जाड कोट घातलेल्या तीन हडकुळ्या मुली, त्यांतली एक बहुतेक तीच. दोन्ही फोटो एकाच मापाचे, कोपरे झिजलेले, बाईच्या फोटोला मधोमध घडी पडलेली. मला भरून आलं. हिने आज माझ्यावर विश्वास टाकला, तर आपणही काहीतरी करावं असं वाटलं. आणि मी काय केलं, तर दोन्हींची पाठीला पाठ लावली, पाउचमध्ये घातले आणि मशीनमधून काढले. बाईच्या फोटोमागे जांभळट, पुसट काही खरडलेलं मला दिसलं होतं. आमच्याकडे फोटोमागे स्टुडिओचा शिक्का आणि नंबर असतो, तो कोण वाचतो?

ती परत आली तेव्हा मी तो चकचकीत तुकडा मोठ्या ऐटीत पुढे केला. तिने तो घेतला, उलटा केला. दुसऱ्या बाजूला त्या तीन मुली. पुन्हा उलटा केला.

“मागचं कुठं हाय?” तिने विचारलं.

ती खुर्चीवर बसली आणि हळूहळू बोलली. शालवाली बाई तिची आई होती. फोटो छावणीत दुसऱ्या हिवाळ्यात मिळाला, नंतरची सहा वर्षं तिने तो घडी घालून बुटात लपवला. मागे आईने चार शब्द लिहिले होते. आता डोळ्यांत मोतीबिंदू, भिंगानेही दिसत नव्हतं. तेवढे शब्द मोठे करून हवे होते, त्यासाठीच ती आली होती. “ते शब्द मला आठवतात का मीच बनवते, ते आता कळत न्हाय,” ती म्हणाली.

मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती. मी ब्लेड घेतलं. प्लास्टिक फोटोंच्या चेहऱ्यांना चिकटलं होतं, ते आता जन्मभर निघणार नव्हतं. पण पाठींच्या मध्ये प्लास्टिक नव्हतं. चारी कडा अगदी फोटोलगत कापल्या तर दोन्ही सुटे व्हायला हवे होते. ब्लेड आत सरकलं तर आईचे शब्द कापले जाणार, बाहेर राहिलं तर पाउच उघडणार नाही. तीन कडा निघाल्या. चौथीही निघाली, तरी फोटो सुटेनात. मुलींच्या फोटोमागे अल्बमचा जुना डिंक होता आणि मशीनच्या उष्णतेने तो पाघळून मध्ये धरला होता.

ओढले असते तर अक्षरं डिंकाबरोबर निघाली असती. झेरॉक्सचे गठ्ठे बांधायला मी समोरच्या शेडमधलं टाकाऊ सूत ठेवायचे. त्यातला पॉलिस्टरचा बारीक धागा काढला, एक टोक तिच्या हातात दिलं, एक माझ्या. दोन फोटोंच्या फटीत धागा ताणून धरला आणि आम्ही दोघी तो आळीपाळीने आपापल्याकडे ओढू लागलो. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. करवत दोघींनी कशी ओढायची ते तिला माहीत असणारच.

फोटो सुटे झाले आणि त्याच क्षणी समोरचे लूम थांबले. लोडशेडिंग. झेरॉक्स मशीनचा दिवा विझला.

आईच्या फोटोची पाठ आमच्या समोर होती. अक्षरं शाबूत आहेत असं मला वाटत होतं, एका ठिकाणी डिंकाचा डाग दिसत होता. पण ती लिपी मला येत नव्हती आणि तिला ती अक्षरं दिसत नव्हती. “हाय ना?” ती दर थोड्या वेळाने विचारायची. “आहे, आजी,” मी म्हणायचे. डागाखाली काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. पंखा बंद, तिच्या रुमालातून घाम गळत होता, तरी तिने तो काढला नाही. दोन तास आम्ही तशाच बसलो. तिची एसटी गेली.

लाइट आली. मशीन गरम व्हायलाही वेळ लागला. पहिली कॉपी कोरी आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी शाई सगळ्यात गडद केली, दुसरी काढली, त्या कॉपीची आणखी मोठी कॉपी काढली. तिसऱ्या कागदावर बोटाएवढी काळी अक्षरं उमटली. तिने कागद नाकाला लावला आणि शब्दांवरून बोट फिरवत एकदा, मग दुसऱ्यांदा वाचलं.

“बरोबर आठवत व्हतं,” ती म्हणाली.

“काय लिहिलंय, आजी?”

“कान झाकून ठेव. मी आले की बघीन.”

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं. “मग आई आली?”

“न्हाय.”

घामाने तिचा रुमाल सैल होऊन मागे सरकला होता. मी काउंटरच्या बाहेर आले, तो तिच्या दोन्ही कानांवर ओढला आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली.